प्रमाणपत्र कारखान्याला, मान्यता प्रक्रियेला

नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि शेजारच्या उरणमध्ये ‘आता विमानाच्या पार्टची कामं येणार’ असं बोललं जाऊ लागलं. पण विमानतळामुळे येतं ते प्रामुख्याने देखभाल-दुरुस्तीचं काम, आणि त्यासाठी डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाची सीएआर-१४५ ही वेगळीच मंजुरी लागते. सुटे भाग बनवायचे तर ग्राहक ओझरची एचएएल, विक्रोळीची गोदरेज किंवा परदेशी इंजिन कंपन्या यांच्यात शोधावे लागतील. प्रकल्पांना जमिनी देऊन धंद्यात उतरलेल्या कुटुंबांचा पैसा चुकीच्या कागदावर जाऊ नये, म्हणून पुढचं नीट समजून घ्यायला हवं.

‘आयएसओ ९००१ आहे, तेवढं पुरे.’ बहुतेक वेळा पुरत नाही. एएस ९१०० हे गुणवत्ता-व्यवस्थेचं मानक त्याच पायावर उभं आहे, पण त्यात उत्पादन-सुरक्षितता, बनावट मालाला अटकाव, ड्रॉइंगच्या बदलांवर नियंत्रण अशा विमान उद्योगाच्या अटी वाढतात.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘नॅडकॅप ही एएस ९१००ची वरची पायरी’. दोन्ही वेगळ्या गोष्टी तपासतात. एएस ९१०० सगळ्या कारखान्याची व्यवस्था पाहतं. १९९० साली सुरू झालेली नॅडकॅप ही मान्यता-योजना एकेका विशेष प्रक्रियेत शिरते: हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, प्लेटिंग, एनडीटी (भाग न मोडता केलेली तपासणी). कारण इथली चूक नंतर मोजून सापडत नाही. उच्च ताकदीच्या पोलादी बोल्टवर कॅडमियमचा मुलामा देताना धातूत हायड्रोजन शिरतो. ठरलेल्या वेळेच्या आत साधारण १९० अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवून तो काढला नाही, तर मापाला अचूक, दिसायला चकचकीत बोल्ट भाराखाली अचानक तुटतो. म्हणून नॅडकॅपचा ऑडिटर त्याच प्रक्रियेतला जाणकार असतो. तो चालू जॉबसमोर उभा राहतो, भट्टीच्या तापमानाच्या नोंदी तपासतो. मान्यतेचा निर्णयही विमान आणि इंजिन कंपन्यांचे तज्ज्ञ घेतात.

मग दोन्ही घ्यायची का? फक्त टर्निंग-मिलिंग करून प्लेटिंग बाहेर देणाऱ्याला प्लेटिंगचं नॅडकॅप लागत नाही. ते प्लेटिंगवाल्याकडे हवं. मात्र त्याने केलेल्या कामाची जबाबदारी एएस ९१००नुसार तुमच्याचकडे राहते. उलट, स्वतःची भट्टी चालवणाऱ्याला ग्राहकाने नॅडकॅप मागितलं, तर नुसतं एएस ९१०० उपयोगाचं नाही. नॅडकॅपलाही आधी गुणवत्ता व्यवस्था लागतेच. एएस ९१०० नसेल तर तिचं वेगळं ऑडिट होतं.

‘तेल-वायूच्या कामातले आमचे वेल्डर पात्र आहेतच.’ त्यांचं कसब खरंच मोठं आहे, पण पाइपलाइनच्या कोडखालची पात्रता विमानाच्या भागाला आपोआप लागू होत नाही.

सल्लागाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ग्राहकाच्या परचेस ऑर्डरमधल्या गुणवत्तेच्या अटी ओळीनओळ वाचा. एएस ९१००चं प्रमाणपत्र देणारी संस्था खरी आहे का, हे उद्योगाच्या ओएसिस या नोंदवहीत पडताळा. ग्राहकही तुमचं नाव तिथेच शोधणार आहे.