लाकडाची बुरशी आणि रात्रीची ढास

"डॉक्टरसाहेब, गोळ्या झाल्या, बाटल्या झाल्या, पण ढास काही थांबंना," असे म्हणत आष्टीजवळच्या एका वाडीतले साठीचे शेतकरी तिसऱ्यांदा माझ्यासमोर बसले. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला म्हणून सरकारी रुग्णालयात बेडका तपासून झाला होता. क्षयरोग नव्हता. छाती मात्र वाजत होती.

शेवटी मी विचारले, "बाबा, झोपता कुठं?"

"मागच्या खोलीत. माळवद पाडून स्लॅब टाकला, त्याचं सागवान तिथंच रचलंय. भिजू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळलंय."

घरी जाऊन प्लास्टिक उचलले. तुळयांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती.

आपला तालुका दुष्काळी, इथे बुरशी कुठली, असे वाटते. पण परतीच्या पावसात लाकूड दमट होते आणि प्लास्टिकमध्ये ती ओल कोंडते. लाकडातील पाणी कोरड्या वजनाच्या शेकडा २० च्या खाली राहिले तर बुरशी सहसा वाढत नाही. ओल वाढली की ती डोके वर काढते. तिचे बारीक बीजाणू हवेत उडून श्वासात जातात. सर्वांनाच त्रास होतो असे नाही. पण दमेकरी आणि ॲलर्जी असणाऱ्यांना शिंका, खोकला, धाप सुरू होते.

लाकूड ठेवायचेच तर झोपण्याच्या खोलीबाहेर, छपराखाली ठेवा. विटांवर फूटभर उंच रचा. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या द्या, म्हणजे वारा खेळेल. भिंतीला टेकवू नका. वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा.

बुरशी आलीच तर कोरड्या झाडूने झटकू नका. त्याने बीजाणू घरभर पसरतात. लाकूड अंगणात न्या, नाका-तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात मोजे घाला. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग वाऱ्यावर पूर्ण वाळवा. दमेकऱ्याने हे काम करू नये, मुलांनाही लांब ठेवा. ब्लीचिंग पावडरने डाग फिका पडतो, पण ओल राहिली तर बुरशी परत येते. ब्लीचिंग आणि संडासाचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पिकावरचे फवारणीचे औषध लाकडाला चोळणे तर जिवाशी खेळ आहे.

पुसल्यावर लाकडात टोच्या खुपसून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. ते तुळईला किंवा खांबाला वापरू नका.

बाबांचे सागवान गोठ्याशेजारच्या छपरात गेले, खोली पुसून उघडी ठेवली. श्वासाचा पंपही सुरू केला. महिन्याभरात ते रात्रभर झोपू लागले. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "त्याच लाकडाचं दार केलंय, नातवाच्या खोलीला."

मला मात्र दोन खेपांच्या बाटल्या आठवल्या. वाचकहो, खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना औषधांची यादी सांगाच, पण झोपण्याच्या खोलीत काय काय ठेवले आहे तेही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगा.