जुना कमिट मेसेज बदलायचाय? आधी हॅश समजून घ्या

तुमच्या गिट रिपॉझिटरीचा लॉग उघडून बघा. 'चेंजेस', 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल' असले मेसेज सापडतीलच. ते नुसते गबाळे आहेत, त्यांनी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते चुकीच्या मेसेजने. समजा मेसेजमध्ये लिहिलंय 'लर्निंग रेट ०.०१' आणि त्या कमिटमधल्या कोडमध्ये आहे ०.००१. दोन वर्षांनी थीसिस लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक कमिटचा कोड कोण उघडून बघणार? लॉग वाचाल, आणि तो आकडा थेट चौथ्या प्रकरणात जाऊन बसेल.

मग मेसेज दुरुस्त करावा, यात अडचण काय? अडचण अशी, की गिटमध्ये झालेला कमिट बदलता येतच नाही. प्रत्येक कमिटला ४० अक्षरी हॅश असतो. फाइल्सची त्या क्षणाची स्थिती, आधीच्या कमिटचा हॅश, लेखकाचं नाव, तारखा आणि मेसेज या सगळ्यांवरून तो काढलेला असतो. मेसेजमध्ये एक स्वल्पविराम जरी टाकलात तरी हॅश बदलतो, म्हणजे तो नवाच कमिट झाला. त्याच्या पुढच्या कमिटमध्ये जुना हॅश 'पालक' म्हणून नोंदलेला असतो, त्यामुळे तोही नव्याने बनवावा लागतो. मग त्याच्या पुढचा. पन्नास कमिट मागचा एक शब्द सुधारलात की पन्नास कमिटचे हॅश बदलले.

काम तसं सोपं आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.) अगदी शेवटचा कमिट असेल तर 'गिट कमिट --अमेंड'. त्याआधीचा असेल तर 'गिट रीबेस -आय हेड~५'. शेवटच्या पाच कमिटची यादी उघडते. लॉगमध्ये नवीन कमिट वर असतो, इथे जुना वर असतो, तेव्हा ओळ नीट बघून घ्या. हव्या त्या ओळीतला 'पिक' शब्द काढून 'रीवर्ड' लिहा, सेव्ह करून बंद करा, मग गिट त्या मेसेजसाठी वेगळा एडिटर उघडतो. नवखी मंडळी बहुतेकदा यादीतच मेसेज बदलतात आणि काहीच झालं नाही म्हणून वैतागतात. यादीतला मेसेज फक्त तुम्हाला ओळख पटावी म्हणून असतो, गिट तो वाचतही नाही. मध्ये मर्ज कमिट असतील तर '--रीबेस-मर्जेस' जोडा, नाहीतर इतिहास सपाट होऊन एका रेषेत येतो.

सुरुवात करण्याआधी 'गिट ब्रँच जुना' एवढं करून ठेवा, म्हणजे मूळ साखळी त्या नावाने शिल्लक राहते. तेही विसरलात तर 'गिट रीफ्लॉग' आहे. मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर असे सुटलेले कमिट त्यात साधारण ३० दिवस सापडतात.

हे सगळं तुमच्या लॅपटॉपपुरतं असेल तर खुशाल करा. पुश झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. सर्व्हरवर जुनी साखळी, तुमच्याकडे नवी, त्यामुळे साधा पुश नाकारला जातो आणि जबरदस्ती करावी लागते. ती करायचीच असेल तर '--फोर्स-विथ-लीज' वापरा: दरम्यान लॅबमधल्या कोणी नवीन काम पुश केलं असेल तर गिट थांबतो. मात्र मध्येच तुम्ही फेच केलेलं असेल तर हे कुलूप उघडंच समजा. आणि लॅबमधल्यांना आधी सांगा. नाहीतर कोणीतरी सवयीने पुल करेल, दोन्ही साखळ्या मर्ज होतील आणि तेच कमिट लॉगमध्ये दोनदा दिसू लागतील.

संशोधनात याच्यापेक्षा मोठा धोका आहे. तुमच्या निकालांच्या फाइल्समध्ये, आकृत्यांच्या नावात किंवा पेपरमध्ये 'हा निकाल अमुक कमिटवरून काढला' असा हॅश लिहिलेला असतो (नसेल तर आजपासून लिहायला लागा). साखळी नव्याने लिहिलीत की तो हॅश नव्या इतिहासात सापडणारच नाही. परीक्षकाने विचारलं, आकृती ४.३ कुठल्या कोडची, तर तुमच्याकडे धागाच नाही. टॅगही आपोआप सरकत नाहीत, ते जुन्याच कमिटकडे बोट दाखवत राहतात. सॉफ्टवेअर हेरिटेजसारख्या संग्रहाने रिपॉझिटरी आधीच जतन केली असेल, तर जुना मेसेज तिथे राहणारच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या कमिटचा हॅश कुठेही छापला किंवा नोंदला गेलाय, त्याला हात लावू नका.

मग चुकीचा आकडा तसाच ठेवायचा? नाही. 'गिट नोट्स अ‍ॅड' ही कमांड कमिटला बाहेरून चिठ्ठी चिकटवते. '-एम' देऊन 'मेसेजमधला लर्निंग रेट चुकीचा, कोडमधला ०.००१ बरोबर' असं लिहा, पुढे त्या कमिटचा हॅश द्या. लॉगमध्ये मूळ मेसेजखाली ही नोंद दिसते आणि हॅश जसाच्या तसा राहतो. फक्त नोट्स साध्या पुशबरोबर जात नाहीत. 'गिट पुश ओरिजिन रेफ्स/नोट्स/कमिट्स' असं वेगळं पाठवावं लागतं, आणि लॅबमधल्यांनाही त्या वेगळ्या फेच कराव्या लागतात.