राखेल रॉइशची फुले

फुलदाणीचे चित्र म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीची शोभा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हा समज जुनाच आहे. सतराव्या शतकात युरोपात चित्रप्रकारांची उतरंडच मानली जात असे. वरच्या पायरीवर धार्मिक व ऐतिहासिक प्रसंग, तर अगदी तळाशी फळे, फुले आणि भांडी. फान होखस्ट्राटन या डच चित्रकाराने १६७८ साली वस्तुचित्रे काढणाऱ्यांना कलेच्या सैन्यातील साधे शिपाई ठरविले. राखेल रॉइश ही त्याच सैन्यातली. मात्र तिची चित्रे पाहिली की या उतरंडीविषयीच शंका येऊ लागते.

राखेलचा जन्म १६६४ चा, हेग येथला. वडील फ्रेडरिक रॉइश हे अॅम्स्टरडॅममधील नामवंत शरीरशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या संग्रहातील वनस्पती, कीटक व प्राणी पाहतच ती वाढली. पंधराव्या वर्षी विलेम फान आल्स्ट या पुष्पचित्रकाराकडे तिचे शिक्षण सुरू झाले. नग्न मॉडेलवरून मानवाकृतीचा अभ्यास करण्याची मुभा त्या काळी स्त्रियांना नव्हती. साहजिकच ऐतिहासिक चित्रांचा दरवाजा त्यांना बंद होता. फुलांचा तेवढा उघडा होता.

अॅम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये संगमरवरी फळीवरील फुलांचे तिचे १७१६ चे तैलचित्र आहे. पार्श्वभूमी गडद; त्यामुळे प्रकाश जणू पाकळ्यांतूनच बाहेर येतो. एकाच जाड थराने हा परिणाम साधत नाही. तैलरंग सावकाश वाळतो. खालचा थर वाळल्यावर त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ हात द्यावे लागतात. खालचा उजेड वरच्या रंगातून झिरपतो आणि पाकळीला ओलसर कोवळेपणा येतो. त्या काळच्या कित्येक डच पुष्पचित्रांतील पाने आज निळसर दिसतात, त्याचे कारणही येथेच आहे. निळ्यावर दिलेला वनस्पतिजन्य पिवळा रंग प्रकाशाने उडाला आणि निळा तेवढा मागे राहिला.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. अशा चित्रांत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातली अफूची फुले एकाच फुलदाणीत सुखाने नांदतात. असा गुच्छ प्रत्यक्षात कोणीही पाहिलेला नसतो! प्रत्येक फूल शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणे टिपलेले, पण सबंध गुच्छ मात्र कल्पनेने रचलेला. मग याला नुसती नक्कल कसे म्हणावे?

१६९३ साली युरियान पोल या चित्रकाराशी तिचा विवाह झाला. दहा मुले झाली, तरी कुंचला खाली ठेवला गेला नाही. १७०८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या योहान विल्हेल्म या इलेक्टरने तिला दरबारी चित्रकर्तीचा मान दिला. म्हातारपणी तर ती सहीशेजारी आपले वय अभिमानाने लिहीत असे. १७४७ सालचे, त्र्याऐंशीव्या वर्षीचे तिचे चित्र उपलब्ध आहे. १७५० मध्ये ती वारली, तेव्हा कवींनी तिच्या गौरवाच्या कविता प्रसिद्ध केल्या होत्या.

एवढी कीर्ती लाभूनही पुढे कलेतिहासाच्या ग्रंथांत तिचा उल्लेख ओझरताच राहिला. केवळ तिच्या कलेला वाहिलेले मोठे प्रदर्शन म्यूनिकमध्ये भरले ते २०२४ साली. चित्राचे मोल विषयावरून ठरविण्याची सवय किती चिवट असते, हे यावरून दिसते. विषय लहान असतो की पाहणाऱ्याची नजर, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी तरी करावयास हवा.