पेशींचे टपाल आणि वार्धक्यातील विस्मरण

माण-खटाव अथवा जत-आटपाडीकडील खेड्यात सत्तरी उलटलेला गृहस्थ नेहमीच्या वाटेवर घर चुकू लागला, म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीनेच त्याचे निदान उरकले जाते. वस्तुतः २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला असून शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले आहे. मुले मुंबई-पुण्यास आणि घरी वृद्ध दोघेच, अशी घरे सातारा-सांगलीकडे थोडी नाहीत. साहजिकच, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

या विकाराचा माग घेताना शास्त्रज्ञांचे लक्ष ‘एक्सोसोम’ नावाच्या पुटिकांकडे वळले. १९८३ साली मेंढीच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींत त्यांचा शोध लागला, तेव्हा पेशी आपला केरकचरा त्यांतून बाहेर टाकते, एवढेच मानले गेले. पुढे असे उमगले की, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या या पिशव्या प्रथिने व आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे पोहोचवितात. हे एक प्रकारचे टपालच; मात्र पाकिटात काय आहे याच्याशी टपालवाल्याला कर्तव्य नसते! अल्झायमर विकारातील अमिलॉइड एक्सोसोमांसमवेत पेशीबाहेर पडते, हे लॉरेन्स राजेंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले. पार्किन्सन विकारातील आल्फा-सिन्युक्लिनही या वाटेने जाते. उलट, याच पुटिका अमिलॉइडचा निचरा करण्यास साह्य करतात, असे उंदरांवरील काही प्रयोग सांगतात. त्यांना सरसकट गुन्हेगार ठरविणे म्हणूनच घाईचे होईल.

मेंदूतील काही पुटिका रक्तात उतरतात. त्या नेमक्या वेचता आल्या, तर मणक्यातील पाणी न काढता मिरज-कराडला घेतलेल्या नळीभर रक्तावरून निदान होऊ शकेल. अडचण ‘नेमक्या’ या शब्दात आहे. ज्या प्रथिनाच्या खुणेवरून त्या ओळखल्या जात, ते रक्तात पुटिकांपासून सुटेच तरंगते, असे २०२१ साली दाखविण्यात आले. अल्झायमरच्या निदानास साह्य करणाऱ्या एका रक्तचाचणीला अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली खरी, पण ती एक्सोसोमांवर आधारलेली नाही. उपचार म्हणून एक्सोसोम विकणाऱ्यांविषयी तर तेथील औषध प्रशासनाने २०१९ सालीच जाहीर इशारा दिला होता.

ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा विकार यांनीही विस्मरण जडते. त्यांचा उलगडा साध्या रक्ततपासणीने होतो व औषधाने पुष्कळदा गुणही येतो. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पण ‘म्हातारपणच ते’ म्हणून त्या वृद्धाला तालुक्याच्या गावापर्यंतही नेले जात नाही.