आयरिश पूर्वजांचा शोध : आरंभ कसा करावा

इ. स. १८४१ च्या खानेसुमारीनुसार आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. दहा वर्षांनी, १८५१ मध्ये, ती सुमारे ६५ लाख ५२ हजारांवर आली. या दशकात बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे जो दुष्काळ उद्भवला त्यात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, देश सोडून गेली. देशांतराचा हा ओघ पुढेही अनेक दशके चालू राहिला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड येथील लक्षावधी कुटुंबांच्या मुळाशी असा एखादा देशांतरित पुरुष किंवा स्त्री आहे. पुष्कळदा त्या व्यक्तीविषयी ‘आयर्लंडहून आलेली’ एवढ्या माहितीपलीकडे कुटुंबात काहीही शिल्लक राहिलेले नसते.

एकेकाळी अशा पूर्वजाचा शोध घ्यावयाचा तर डब्लिनला जाऊन दिवसचे दिवस दप्तरखान्यांत घालवावे लागत. आता आयर्लंडमधील महत्त्वाचे बहुतेक अभिलेख संकेतस्थळांवर, आणि त्यांतील पुष्कळसे विनामूल्य, पाहता येतात. परंतु संगणकावर एखादे नाव टंकित करणे म्हणजे शोध नव्हे. कोणते कागद नष्ट झाले, कोणते वाचले आणि वाचलेल्या कागदांत कोणाची नावे मुळातच येत नाहीत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

काय जळाले, काय वाचले

डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयांच्या आवारात आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेख कार्यालय होते. यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, स्फोट आणि आग यांत ते उद्ध्वस्त झाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार खानेसुमाऱ्यांच्या मूळ नोंदी काही तुटक भाग वगळता तेथे भस्मसात झाल्या. शतकानुशतकांची मृत्युपत्रे गेली आणि प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या ज्या नोंदवह्या तेथे जमा केलेल्या होत्या, त्याही गेल्या.

तथापि प्रत्येक उणिवेचा दोष या आगीला देणे बरोबर नाही. १८६१ आणि १८७१ च्या खानेसुमारीचे मूळ कागद आकडेवारी काढून झाल्यावर शासनानेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी दिले गेले. उलट, बहुसंख्य जनतेच्या कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या शासकीय कार्यालयात जमा केलेल्याच नव्हत्या. त्या गावोगावच्या चर्चमध्ये राहिल्या आणि म्हणूनच वाचल्या. जन्म, विवाह व मृत्यू यांची शासकीय नोंदणीही अन्यत्र असल्याने सुरक्षित राहिली. ‘सर्व काही जळून गेले’ असे म्हणून शोध सोडून देण्याचे कारण नाही.

शोधाचा आरंभ घरापासून

पूर्वजांचा शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजेच आजच्या पिढीकडून मागे, करावा. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जुनी पत्रे, छायाचित्रांच्या मागील मजकूर, प्रार्थनापुस्तकांत लिहून ठेवलेल्या तारखा आणि थडग्यांवरील लेख ही पहिली साधने होत. त्यानंतर पूर्वज ज्या देशात स्थायिक झाला त्या देशाचे कागद पाहावेत : विवाहाची नोंद, मृत्यूची नोंद, नागरिकत्वाचा अर्ज, वृत्तपत्रातील निधनवार्ता.

या टप्प्यावर ज्या एका गोष्टीचा शोध घ्यावयाचा ती म्हणजे गावाचे नाव. आयर्लंडमध्ये चार प्रांत आणि ३२ काउंटी आहेत. काउंटीचे विभाग म्हणजे बॅरनी व पॅरिश, आणि सर्वांत लहान घटक म्हणजे ‘टाउनलँड’ : काही शेते आणि काही घरे यांचा, स्वतःचे नाव असलेला, भूभाग. असे टाउनलँड ६० हजारांहून अधिक आहेत आणि एकाच नावाचे अनेक टाउनलँड निरनिराळ्या काउंटींत आढळतात. स्थलनामांच्या ‘लॉगेनम’ या शासकीय संकेतस्थळावर त्यांची आयरिश व इंग्रजी रूपे पाहता येतात. मर्फी किंवा केली यांसारख्या आडनावाची माणसे देशभर विखुरलेली आहेत. टाउनलँड, निदान पॅरिश, ठाऊक असल्याखेरीज त्यांतील आपला माणूस कोणता हे ओळखता येत नाही.

१९०१ आणि १९११ च्या खानेसुमाऱ्या

ज्यांच्या पूर्वजांचे आप्त विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमध्येच होते, त्यांना या दोन खानेसुमाऱ्या सर्वांत सोयीच्या. संपूर्ण देशाच्या मूळ नोंदी उपलब्ध असलेल्या या सर्वांत जुन्या खानेसुमाऱ्या असून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या विनामूल्य पाहता येतात. घरातील प्रत्येकाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, धर्म, साक्षरता, वय, व्यवसाय, जन्माची काउंटी आणि आयरिश भाषेचे ज्ञान यांची नोंद त्यांत आहे. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांना आणखी तीन प्रश्न विचारले गेले : विवाहास किती वर्षे झाली, किती अपत्ये जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत. शेवटच्या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे तोवर मरण पावलेल्या अपत्यांची संख्या होय.

या नोंदींतील वयावर मात्र विसंबून राहू नये. अनेक व्यक्तींचे वय १९०१ ते १९११ या दहा वर्षांत दहाहून अधिक वर्षांनी वाढलेले दिसते. याचे एक कारण असे की १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना वृद्धत्ववेतन मिळू लागले होते. १८६४ पूर्वी जन्मांची शासकीय नोंदणी नसल्याने वयाचा पुरावा म्हणून तेव्हा १८४१ व १८५१ च्या खानेसुमाऱ्यांत अर्जदाराचे नाव शोधले जाई. त्या शोधाची प्रपत्रे आजही उपलब्ध आहेत आणि अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मूळ खानेसुमारी जळाली, परंतु तिच्यातील काही कुटुंबे अशा रीतीने या अर्जांच्या कागदांत टिकून राहिली.

१९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे खानेसुमारी झाली नाही. त्यानंतरची खानेसुमारी एप्रिल १९२६ मधील; तिचा शंभर वर्षांचा गोपनीयतेचा कालावधी एप्रिल २०२६ पर्यंतचा आहे.

जन्म, विवाह आणि मृत्यू

कॅथलिकेतर विवाहांची शासकीय नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून आणि सर्व जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या शासकीय संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीचे विवाह आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या नोंदवह्यांची पृष्ठे विनामूल्य पाहता येतात.

फाळणीपूर्वी सर्व बेटाची नोंदणी एकच होती; उत्तर आयर्लंडची नोंदणी त्यानंतर वेगळी झाली. भारतीय वाचकांस परिचित अशा दोन स्त्रियांच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मार्गारेट नोबल, म्हणजेच भगिनी निवेदिता, यांचा जन्म १८६७ मध्ये टायरोन काउंटीतील डंगॅनन येथे झाला. मार्गारेट कझिन्स यांचा जन्म १८७८ मध्ये रॉसकॉमन काउंटीतील बॉइल येथे झाला. १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनामागे त्यांचीच प्रेरणा होती. डंगॅनन आज उत्तर आयर्लंडमध्ये आणि बॉइल प्रजासत्ताकात आहे. तरीही दोन्ही जन्म १८६४ नंतरचे आणि फाळणीपूर्वीचे असल्याने एकाच नोंदणीच्या कक्षेत येतात. १९२२ नंतरच्या उत्तरेकडील नोंदींसाठी मात्र बेलफास्टच्या कार्यालयाच्या संकेतस्थळाकडे वळावे लागते.

जन्म उशिरा नोंदविल्यास दंड होत असल्याने काही पालक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. बाळाचा बाप्तिस्मा त्याच्या नोंदलेल्या जन्मतारखेपूर्वी झालेला आढळला, तर त्यात नवल मानू नये.

१८६४ पूर्वीचा काळ

दुष्काळाच्या काळात देश सोडलेल्यांसाठी चर्चच्या नोंदवह्या हाच मुख्य आधार होय. सुमारे १८८० पर्यंतच्या कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये विनामूल्य खुल्या केल्या. त्या पॅरिशनिहाय लावलेल्या आहेत. गावाचे नाव आधी का हवे, हे येथे उमगते. नोंदी बहुधा लॅटिनमध्ये असतात. ‘जेकोबस’ म्हणजे जेम्स आणि ‘गुलिएल्मुस’ म्हणजे विल्यम. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव आणि बाळाच्या धर्मपालकांची नावे सहसा दिलेली असतात. हे धर्मपालक पुष्कळदा जवळचे आप्त असल्याने तीही टिपून घ्यावीत. आडनावांची रूपे बदलतात हेही ध्यानात ठेवावे : ‘लोहाराचा पुत्र’ या अर्थाचे एकच आयरिश आडनाव कोठे ‘मॅकगोवन’ असे लिहिले जाते, तर कोठे भाषांतरित होऊन ‘स्मिथ’ बनते.

जळालेल्या खानेसुमाऱ्यांची उणीव जमिनीचे दोन अभिलेख काही अंशी भरून काढतात. चर्च ऑफ आयर्लंडसाठी वसूल होणाऱ्या करासंबंधीच्या ‘टाइद’ पुस्तकांत १८२३ ते १८३७ या काळातील शेतजमीन धारण करणाऱ्यांची नावे आहेत. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले मूल्यांकन १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक टाउनलँडमधील घर किंवा जमीन कोणाच्या ताब्यात होती, ती कोणाकडून घेतलेली होती, तिचे क्षेत्र व मूल्य किती होते, हे दिले आहे. दोन्ही संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहेत.

नामसाम्याचा धोका

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे स्थलांतरितांचे केंद्र सुरू झाले. तेथे पहिली नोंद झाली ती कॉर्कहून दोन भावांसह आलेल्या ॲनी मूर या मुलीची. ही ॲनी पुढे टेक्सास राज्यात स्थायिक झाली, असे अनेक वर्षे मानले जात होते आणि तेथील एका ॲनी मूरच्या वंशजांचा गौरवही झाला. २००६ मध्ये वंशसंशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी कागदपत्रांवरून दाखवून दिले की टेक्सासची ॲनी मूर आयर्लंडमध्ये नव्हे तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्क शहरातच राहिली आणि १९२४ मध्ये तेथेच मरण पावली. एवढ्या प्रसिद्ध नावाबाबत असे घडू शकते, तर मर्फी आणि केली यांच्याबाबत किती सावधगिरी हवी!

यासाठी प्रत्येक दुवा दोन स्वतंत्र नोंदींनी सिद्ध करावा. नाव आणि वय जुळणे पुरेसे नाही. गाव, आईचे नाव, भावंडे, साक्षीदार यांपैकी काहीतरी जुळले पाहिजे. इतरांनी तयार केलेल्या वंशावळी केवळ सूचक मानाव्यात. या काटेकोरपणाला व्यावहारिक मोलही आहे : ज्याचे आजोबा किंवा आजी आयर्लंड बेटावर जन्मली असतील, त्याला परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव दाखल करून आयरिश नागरिकत्व मिळविता येते, आणि तेथे आठवणी चालत नाहीत, दाखले लागतात.

इतके करूनही बहुतेक शोध १८०० च्या आसपास थांबतात, आणि हे अपयश नव्हे. जमिनीच्या अभिलेखांत नाव येते ते ज्याच्या ताब्यात घर किंवा तुकडाभर जमीन होती त्याचे. त्याची पत्नी, मुले, त्याच्या घरी आश्रयाने राहणारा भूमिहीन मजूर यांची नावे तेथे येत नाहीत. दुष्काळात सर्वांत आधी मेले ते हेच लोक. म्हणून एखादे नाव सापडले नाही, तर त्या रिकाम्या जागी भलतेच नाव बसवू नये. तेथे रिकामी जागाच ठेवावी आणि आपण कोणते अभिलेख पाहिले ते तिच्यासमोर लिहून ठेवावे. २०२२ मध्ये, फोर कोर्ट्सच्या आगीला शंभर वर्षे होत असताना, नष्ट झालेल्या अभिलेखांच्या अन्यत्र उरलेल्या प्रती एकत्र करणारे ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हे संकेतस्थळ खुले झाले आणि त्यात सतत भर पडत आहे. आज रिकामी ठेवलेली जागा उद्या कोणीतरी भरू शकेल. चुकीचे नाव लिहिलेल्या जागेकडे मात्र पुन्हा कोणी वळून पाहत नाही.