फळ्यांना पाडलेली भोकं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहरातल्या फ्रँकलिन चौकात ‘फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्च’ उभं आहे.  त्याचा इतिहास थोडक्यात असा: अँड्र्यू ब्रायन या गुलामाने उपदेश केला म्हणून चाबकाचे फटके खाल्ले आणि १७८८ मध्ये त्यालाच पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळी वाढली. १८५९ मध्ये आजची विटांची इमारत पुरी झाली. दिवसभर मालकाचं काम उरकून गुलामांनी ती रात्री-रात्री बांधली.

मी रेंगाळलो तो तळमजल्यावर. तिथल्या लाकडी जमिनीत बारीक भोकं आहेत, पत्त्यातल्या चौकटच्या आकारात पाडलेली. पाहणाऱ्याला नक्षीच वाटावी. मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की ती हवेसाठी आहेत. खालच्या सुमारे चार फुटांच्या पोकळीत पळून आलेले गुलाम लपत. तिथे बसता येतं, ताठ उभं राहता येत नाही. याची कागदोपत्री नोंद नाही, आणि ती असेल कशी? असलं काही लिहून ठेवणं म्हणजे आपल्याच गळ्यात फास अडकवून घेणं.

मालकांतलेही कित्येक बाप्टिस्टच होते. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायला उत्तरेकडचे तयार होईनात, तेव्हा १८४५ मध्ये याच राज्यातल्या ऑगस्टा गावी दक्षिणेकडच्यांनी वेगळी चूल मांडली. तीच ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’. देश फुटायच्या सोळा वर्षं आधी पंथ फुटला. बायबल दोघांचं एकच होतं. हे चर्च पुरं झालं त्याच वर्षी, मार्चमध्ये, सव्हानाजवळच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसांचा लिलाव झाला.

उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध संपत आलं तेव्हा, १२ जानेवारी १८६५ रोजी, उत्तरेच्या फौजेचे जनरल शर्मन यांनी शहरातल्या वीस कृष्णवर्णीय धर्मपुढाऱ्यांना बोलावून घेतलं. सर्वांच्या वतीने बोलले बाप्टिस्ट उपदेशक गॅरिसन फ्रेझर. हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला सोडवून घेतलं होतं. मागणं एकच: जमीन द्या, आम्ही कसू. चार दिवसांत जमिनी देण्याचा हुकूम निघाला. पण वर्ष सरायच्या आत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो फिरवला आणि बहुतेक जमिनी जुन्या मालकांच्या घशात गेल्या. जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली ती त्यानंतर, १८७३ मध्ये.

सदर्न बाप्टिस्टांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली १९९५ मध्ये. ठरावात माफी होती, जमीन नव्हती.