लहान महाविद्यालय आणि खेळ : एका सामासिक शब्दाचा विग्रह

१

अमेरिकेतील दोन महाविद्यालयांमधील बेसबॉलचा पहिला सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड या गावी झाला. ॲमहर्स्ट आणि विल्यम्स ही ती दोन महाविद्यालये. दोन्ही बाजूंस तेरा तेरा खेळाडू होते आणि ॲमहर्स्टने ७३ विरुद्ध ३२ असा विजय मिळविला. त्याच भेटीत या दोन महाविद्यालयांनी बुद्धिबळाचाही सामना खेळला व तोही ॲमहर्स्टनेच जिंकला. खेळाकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी या जोडीवरून ध्यानात येते. बुद्धीचा व शरीराचा कस एकाच प्रसंगी लागावा यात कोणास विसंगती वाटली नाही. मात्र ॲमहर्स्टचा चेंडूफेक्या हा विद्यार्थी नसून पैसे देऊन आणलेला लोहार आहे, अशी कुजबुज त्या वेळीच उठली होती. ती खरी असो वा खोटी, तिच्या पोटी दडलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. मैदानावर उतरलेला हा मनुष्य महाविद्यालयात आधी आला, की संघात? प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न होय.

विवेचनाआधी ‘महाविद्यालय’ या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे महाविद्यालय म्हणजे बहुधा एखाद्या विद्यापीठास संलग्न असलेली संस्था. अमेरिकेतील ‘लिबरल आर्ट्‌स कॉलेज’ ही याहून निराळी वस्तू आहे. तेथे हजार ते अडीच हजार विद्यार्थी असतात, ते बहुतांशी महाविद्यालयाच्या आवारातच राहतात, आणि पदवी महाविद्यालय स्वतःच देते. साहित्य, इतिहास, गणित, निसर्गविज्ञाने यांचे व्यापक शिक्षण हे त्याचे ध्येय असून धंदेशिक्षण हे नव्हे. कोणास प्रवेश द्यावयाचा हेही महाविद्यालयच ठरविते, आणि तो निर्णय केवळ परीक्षेतील गुणांवर होत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तीभोवती फिरणार आहे.

२

अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘एन.सी.ए.ए.’ने, १९७३ साली आपल्या सभासद संस्थांची तीन विभागांत वाटणी केली. पहिल्या विभागातील मोठ्या विद्यापीठांचे सामने लक्षावधी प्रेक्षक पाहतात. तेथे खेळाडूंना खेळाबद्दल शिष्यवृत्त्या मिळतात, आणि २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठांना आपल्या खेळाडूंशी उत्पन्नाची प्रत्यक्ष वाटणीही करता येऊ लागली आहे. तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक संस्था असून बहुतेक लहान महाविद्यालये त्यातच मोडतात. या विभागात खेळाबद्दल शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. प्रेक्षक थोडे, दूरचित्रवाणीचा पैसा जवळजवळ नाही, आणि पदवीनंतर धंदेवाईक खेळाडू होणारा विद्यार्थी क्वचितच.

यावरून सामान्य वाचक असे अनुमान काढील की, मोठ्या विद्यापीठात खेळाने शिक्षणावर कुरघोडी केली असेल. लहान महाविद्यालयात मात्र तो सायंकाळच्या विरंगुळ्यापुरताच राहिला असेल. हे अनुमान स्वाभाविक आहे, परंतु ते वस्तुस्थितीस धरून नाही. जेम्स शुलमन व विल्यम बोवेन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द गेम ऑफ लाइफ’ या ग्रंथात नेमके उलट चित्र दिसून आले. मोठ्या विद्यापीठात खेळाडूंचे प्रमाण एकंदर विद्यार्थिसंख्येच्या मानाने अगदी अल्प असते. निवडक प्रवेश देणाऱ्या लहान महाविद्यालयांत मात्र ते, विशेषतः पुरुष विद्यार्थ्यांत, पाव हिश्शाहून अधिक, कित्येक ठिकाणी तृतीयांशाच्याही घरात जाते.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. फुटबॉलच्या संघास जितके खेळाडू लागतात तितके लागतातच. महाविद्यालय लहान आहे म्हणून संघ लहान होत नाही. समजा, एका महाविद्यालयात सोळाशे विद्यार्थी आहेत. दरवर्षी चारशे नवे विद्यार्थी येतात, त्यांपैकी दोनशे मुलगे. अमेरिकन फुटबॉलचा ऐंशीजणांचा संघ टिकवावयाचा, तर दरवर्षी वीस नवे खेळाडू हवेत. म्हणजे एकाच खेळासाठी मुलग्यांच्या दर दहा जागांपैकी एक जागा गेली. तीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात हेच वीस खेळाडू समुद्रातील थेंबाप्रमाणे नाहीसे होतात. त्यातच विल्यम्ससारखे सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय बत्तीस संघ चालविते. १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी झाल्यानंतर स्त्रियांच्या संघांची संख्याही न्याय्यपणे वाढली. असे असता खेळाचा प्रश्न हा क्रीडाविभागापुरता राहत नाही. वर्गात कोण बसणार, हाच प्रश्न होऊन बसतो.

३

येथे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष एका शब्दाकडे वेधले जाते. अमेरिकेत या खेळाडूंना ‘स्टुडंट-ॲथलीट’ म्हणतात. आपण त्यास ‘विद्यार्थी-क्रीडापटू’ म्हणू. हा शब्द लोकव्यवहारातून सहज घडलेला नाही. १९५५ साली कोलोरॅडोमधील फोर्ट लुइस या लहान महाविद्यालयाचा एक खेळाडू फुटबॉलच्या सामन्यात झालेल्या दुखापतीने मरण पावला, आणि कामगाराच्या वारसास मिळणारी नुकसानभरपाई आपणांस मिळावी, अशी मागणी त्याच्या पत्नीने केली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. खेळाडू हा नोकर ठरू नये या हेतूने आपण त्या सुमारास ‘स्टुडंट-ॲथलीट’ ही संज्ञा रूढ केली, असे एन.सी.ए.ए.चे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ साली आपल्या पुस्तकात सांगितले आहे. शब्द हा कधी कधी ढालीसारखा वापरला जातो, याचे हे बोलके उदाहरण होय.

या समासाचा विग्रह कसा करावयाचा? महाविद्यालये तो द्वंद्वाप्रमाणे वाचतात : विद्यार्थी आणि क्रीडापटू, दोन्ही पदे समान. पण व्यक्ती एकच असल्यामुळे खरे पाहता हा कर्मधारय आहे, आणि कर्मधारयात सामान्यतः उत्तरपद प्रधान असते. त्या न्यायाने अर्थ होतो : ‘विद्यार्थी असलेला क्रीडापटू’. ‘क्रीडापटू असलेला विद्यार्थी’ असा अर्थ हवा असता, तर पदांचा क्रम उलटा लागला असता. अर्थात व्याकरणावरून समाजस्थिती सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु पदांच्या या क्रमाने एक उपयुक्त प्रश्न सुचविला आहे. तो असा की, या दोहोंपैकी विशेष्य कोणते हे ठरते केव्हा? माझे उत्तर असे की, ते प्रवेशाच्या क्षणी ठरते.

लहान महाविद्यालयांच्या परिभाषेत यास पुष्टी देणारे दोन शब्द आहेत. प्रशिक्षकाने शालेय सामन्यांतून हेरून, प्रवेशसमितीकडे शिफारस करून आणलेला तो ‘रिक्रूट’. म्हणजे, सैन्यातील शब्द वापरावयाचा तर, भरती केलेला. इतरांप्रमाणे प्रवेश घेऊन मग आपण होऊन मैदानावर आलेला तो ‘वॉक-ऑन’. म्हणजे पायी चालत आलेला. बोवेन व सेरा लेव्हिन यांच्या ‘रिक्लेमिंग द गेम’ (२००३) या ग्रंथातील सर्वांत विचारणीय निष्कर्ष या भेदावरच आधारलेला आहे. भरती केलेले खेळाडू, त्यांच्या प्रवेशपूर्व गुणांवरून जेवढी अपेक्षा करावी, त्याहूनही वर्गात मागे पडतात असे त्यांना आढळले. आपण होऊन आलेल्यांच्या बाबतीत असा ऱ्हास जवळजवळ दिसत नाही. दोघेही सायंकाळी त्याच मैदानावर घाम गाळतात. म्हणजे दोष खेळात घालविलेल्या तासांचा आहे, एवढे म्हणून भागत नाही. विद्यार्थी येथे कशासाठी आला, आणि त्यास कशासाठी आणण्यात आले, हा खरा भेद आहे.

विल्यम्समध्ये अशा प्रवेशांना ‘टिप’ म्हणत. तराजूचे पारडे ज्या हलक्या स्पर्शाने झुकते तो स्पर्श, असा त्याचा अर्थ. न्यू इंग्लंडमधील ज्या महाविद्यालयांच्या संघटनेत ॲमहर्स्ट व विल्यम्स आहेत, तीत अशा प्रवेशांच्या संख्येवर मर्यादा घातलेली आहे. या दोहोंपुरती ती वर्षाला साठ-सत्तरच्या घरात येते. सुमारे पाचशेच्या वर्गात साठ-सत्तर वेळा झुकलेले पारडे हा हलका स्पर्श म्हणता येईल काय, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्याकडील शालान्त परीक्षेतील क्रीडागुणांशी याची तुलना सहज सुचेल. परंतु तेथे गुणांत भर पडते आणि ती कागदावर दिसते. येथे झुकते ते प्रवेशाचे माप, आणि ते बाहेरच्यांस दिसत नाही.

४

हा प्रश्न सोडविण्याचे दोन परस्परविरुद्ध मार्ग प्रत्यक्षात चोखाळले गेले आहेत.

पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर हे १८६४ साली क्वेकर पंथीयांनी स्थापिलेले महाविद्यालय. शेजारच्या हॅव्हरफोर्डशी त्याची फुटबॉलमधील चुरस एकोणिसाव्या शतकापासूनची होती. हॅव्हरफोर्डने आपला फुटबॉल गेल्या शतकातील सत्तरीच्या दशकाच्या आरंभी बंद केला. स्वार्थमोरने तो चालू ठेवला, परंतु संघ वर्षानुवर्षे पराभूत होत राहिला. तेव्हा महाविद्यालयाने हिशेब मांडला. सर्व संघ समर्थ करावयाचे, तर प्रत्येक वर्गाचा फार मोठा भाग खेळाडूंनी भरावा लागेल. हा भाग शेकडा १० ते १५ पुरता मर्यादित ठेवावयाचा, तर काही संघ सोडले पाहिजेत. डिसेंबर २००० मध्ये विश्वस्त मंडळाने फुटबॉल व कुस्ती बंद करण्याचा निर्णय घेतला. माजी विद्यार्थ्यांत संताप उसळला. ज्यांच्या आयुष्यातील मैत्री व शिस्त त्या मैदानावर घडली होती, त्यांचे दुःख खोटे नव्हते. परंतु त्या निर्णयाने खेळ संपला, असेही झाले नाही. २०१९ साली स्वार्थमोरचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ तिसऱ्या विभागाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

दुसरा मार्ग मिशिगन राज्यातील एड्रियन या महाविद्यालयाचा. तेथे प्रश्न जागा अपुऱ्या पडण्याचा नसून जागा रिकाम्या राहण्याचा होता. २००५ साली आलेल्या अध्यक्षांनी नवे संघ काढले, मैदाने बांधली, आणि अमुक इतके विद्यार्थी आणलेच पाहिजेत अशी जबाबदारी प्रत्येक प्रशिक्षकावर टाकली. काही वर्षांत विद्यार्थिसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. प्रत्येक खेळाडू शुल्क भरतो. तेव्हा खेळ हा येथे खर्च नसून उत्पन्न आहे. हा युक्तिवाद तुच्छ लेखण्याजोगा नाही, कारण विद्यार्थ्यांअभावी अमेरिकेतील अनेक लहान महाविद्यालये बंद पडली आहेत, आणि बंद पडलेल्या महाविद्यालयात कोणतेच शास्त्र शिकविले जात नाही. परंतु ऑगस्ट २०२० मध्ये याच महाविद्यालयाने इतिहास, नाट्य, तत्त्वज्ञान, धर्माभ्यास हे विभाग बंद करण्याचा विचार जाहीर केला, आणि माजी विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे तो थोड्याच दिवसांत मागे घेतला. खेळाने महाविद्यालय वाचविले, हे खरे. पण वाचले ते कोणते महाविद्यालय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

५

या विवेचनावरून खेळ हा विद्येचा शत्रू आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. हॅव्हरफोर्डमध्ये क्रिकेट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले, १८६४ साली तेथील विद्यार्थी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध खेळले, आणि तेथील क्रिकेटची परंपरा अद्याप टिकून आहे. अमेरिकेतील बहुसंख्य मुलांनी महाविद्यालयात येण्यापूर्वी क्रिकेटची बॅट हाती धरलेली नसते. त्यामुळे या संघात नवशिक्यांसही स्थान मिळत आले, आणि भारत-पाकिस्तानातून आलेले विद्यार्थी त्यांना खेळ शिकवीत आले. येथे मनुष्य आधी महाविद्यालयात येतो आणि मग संघात. ‘खेळणारा विद्यार्थी’ हा विग्रह येथे आपोआप सिद्ध होतो.

तात्पर्य, लहान महाविद्यालयातील खेळाचे मूल्यमापन करताना जयपराजय, मैदानांचा विस्तार किंवा शिष्यवृत्त्यांचा अभाव ही गमके अपुरी आहेत. शिष्यवृत्ती न देताही महाविद्यालय खेळाडूस मोबदला देत असतेच. आणि तो मोबदला म्हणजे प्रवेश. लहान संस्थेजवळ यापेक्षा मोलाचे देण्यासारखे दुसरे काही नसते. तेथील प्रत्येक जागा एकाला दिली की दुसऱ्यास नाकारली जाते, आणि ज्यास नाकारली तो कोण होता, हे कोणत्याही धावफलकावर लिहिले जात नाही. म्हणून विचारावयाचा प्रश्न एवढाच : आपले विद्यार्थी खेळतात, की आपले खेळाडू शिकतात? दोन्ही वाक्ये एकाच विद्यार्थ्याविषयी बोलता येतील. पण ज्या महाविद्यालयास त्यांतील भेद ऐकू येईनासा झाला, त्याने आपल्या नावाचा विग्रह पुन्हा एकदा करून पाहावा.